कच्चं लिंबू

बॅरोच्या गोदीमागे, मेथडिस्ट चर्चच्या तळघरात
दर गुरुवारी सात वाजता मी अंतराळ अंथरतो.
काळी चादर, सहा फूट बाय चार,
टूथब्रशनं पांढरा रंग शिंपडून केलेले तारे
आणि कोपऱ्यात चहाचा एक गोल डाग,
त्याला आम्ही ग्रह मानतो.
गुरुत्वाकर्षणही दिलंय त्याला, दोन इंचांपुरतं.

आज नवे तिघं.
डेस्मंड पोसलथ्वेट, चाळीस वर्षं वेल्डर,
पाणबुड्यांच्या पोटांना टाके घातलेला.
त्याची नात टॅम्सिन, अकराची.
आणि ओलुची, हॉस्पिटलातून थेट आलेली नर्स,
'बाहेर पाऊस होता म्हणून शिरले' असं खरं सांगून टाकणारी.

नियमांचं पुस्तक एकशे बारा पानांचं.
ते मी खुर्चीखाली सारतो
आणि आधी हातात जहाज देतो.
शिशाचं, अंगठ्याएवढं.
न सांगता प्रत्येक जण ते डोळ्यापाशी नेतो,
दुसरा डोळा मिटतो.
शिकवणी तिथून सुरू होते.

मग एकच गोष्ट सांगतो: इथे ब्रेक नाही.
गेल्या पाळीत आठ इंच गेलात
तर या पाळीतही आठ इंच जाणारच,
इंजिन बंद केलंत तरी.
सुंभ जळतो, पीळ जात नाही –
हे इंग्रजीत कसं म्हणायचं
ते एकोणीस वर्षांत जमलेलं नाही मला,
म्हणून टेप पसरून दाखवतो.

"आणि थांबायचंच असेल तर?" डेस्मंड.
"तर तोंड फिरवायचं, पाठमोरं जात राहायचं,
आणि निघताना लावला होता
तेवढाच जोर उलटा लावायचा."
तो जरा वेळ टेपकडे पाहतो.
"म्हणजे बराच आधी ठरवायला हवं."

हुकूम गुपचूप लिहायचे, चिठ्ठीवर,
पहिल्या बाकावरच्या हुशार पोरासारखा हाताचा आडोसा करून.
टॅम्सिन लिहिते: सरळ. जोरात.
ओलुची समासात वेळ टाकते, सवयीनं.

मी अर्थात हरत होतो.
नेम चुकवत होतो, फासे नरम टाकत होतो.
तिसऱ्या पाळीला टॅम्सिननं मान वर केली:
"तू मला मारत का नाहीस?"

मग मिरजेचं अंगण सांगावं लागलं,
सगळ्यात लहान पोराला कच्चं लिंबू म्हणायचे,
तो पळायचा, सापडायचा,
पण राज्य कधी त्याच्यावर यायचं नाही.
(मीच असायचो तो. हे सांगितलं नाही.)
ती म्हणाली, "मग तो खेळतच नव्हता की."

खरे फासे टाकले.
सहा, सहा, पाच.
तिच्या क्रूझरची दोन शकलं.
मी ती उचलायला हात पुढे केला
तर तिनं मनगट धरलं:
"वेग आठ होता. मेलं म्हणून काय थांबेल?"

एकशे बारा पानांत याचं उत्तर नाही.
डेस्मंडनं टेप लावला, गोदीतल्यासारखा, दोनदा.
आठ इंचांवर माझं ध्वजनौकेचं नाक.
मूठ ओठांशी नेऊन टॅम्प्लीज म्हणावं
असं फार वर्षांनी वाटलं.
ओलुचीनं छातीवरचं उलटं घड्याळ पाहिलं
आणि गंभीरपणे लिहिलं:
आठ वाजून चाळीस.

या सगळ्या गदारोळात
डेस्मंडनं एकही गोळा डागला नव्हता.
त्याचं जहाज चहाच्या डागाशी उभं होतं,
वेग शून्य.
"आवडलं का?" मी विचारलं.
"थांबता आलं," म्हणाला, आणि टोपी घातली.

ते गेल्यावर पान त्रेचाळीसच्या समासात
पेन्सिलीनं टॅम्सिनचा नियम लिहिला.
चादर आवरली.
घडी घालताना तारे आतल्या बाजूला घ्यायचे असतात,
नाहीतर रंग निघतो.
हेही पुढच्या गुरुवारी शिकवायला हवं.